बिनकापसाचं घर

घर दाखवायच्या आधी आमच्या घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "पोट्टी दिवसातून किती खेपा मुतते?"

त्याआधी आम्ही त्या गावात दोन घरं पाहून आलो होतो. दोन्हीकडे आधी आडनाव विचारलं गेलं आणि आडनाव ऐकल्यावर त्या खोल्या एकाएकी मालकाच्या भाच्यासाठी राखीव निघाल्या. त्यामुळे आडनावाच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, किती ताठ मानेने द्यायचं, याची मी रस्ताभर तयारी केली होती. या प्रश्नाची तयारी नव्हती. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो एसटीत कंडक्टर. गाडीभर माणसांना एकटा उत्तरं देतो. तो छताकडे पाहत होता. मिनू माझ्या कडेवर होती, नुकती बोबडं बोलायला लागलेली.

"लक्ष नाही दिलं कधी," मी म्हणाले.

"मंग कायले लक्ष देता वं तुमी?" ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "वरच्या खोल्या घ्या. नळ सकाळी येते. पोट्टीले शू दाबून ठेवू द्याची नाही. अन् या घरात कापूस आणाचा नाही. शेतातला, सरकीवाला, बोटभरही नाही."

राळेगाव तालुक्यात राहून घरात कापूस आणू नका म्हणणं म्हणजे कोकणात राहून नारळ आणू नका म्हणण्यासारखं होतं. आम्हाला वाटलं, म्हातारा थोडा सरकलेला आहे. पण घर हवेशीर होतं, आणि त्यांनी आडनाव विचारलं नव्हतं. आम्ही राहायला आलो.

हे गृहस्थ मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात जंतूंचे प्राध्यापक होते. मुदतीच्या आधीच नोकरी सोडून गावी परतले होते आणि खाली रक्त-लघवी तपासायची लॅब चालवायचे. रक्ताकडे त्यांचं फारसं मन नव्हतं. लहान मुलांची लघवी हाच त्यांचा ध्यास. गाव त्यांना तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणे आणि पाठीमागे मुत्र्या डॉक्टर. त्यांना दोन्ही माहीत होतं. ते म्हणायचे, "पाठीमागचं नाव बरोबर आहे."

उंच, काटकुळे, पांढरा बुशशर्ट. शर्टाच्या एका खिशात चष्मा आणि दुसऱ्या खिशात, कापडात गुंडाळलेली, उकळून घेतलेली स्टीलची वाटी. ती वाटी घेऊन ते लग्नालाही जात. पंगतीत एखादं मूल अंग चोरून, पाय आवळून बसलेलं दिसलं की त्यांचा घास हातात राहायचा. ते उठून त्याच्या आईजवळ जाऊन बसायचे आणि सगळ्यांदेखत चौकशी सुरू करायचे. ताप येतो का? वास येतो का? धार कशी आहे? वधूपित्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ताप सर्दीचा असला तर नाक सांगते, खोकल्याचा असला तर छाती सांगते. दोघं गप असले की मुताले विचारा." आणि मुताला विचारायची त्यांची रीत जगावेगळी होती. घरून भरून आणलेली बाटली ते घेतच नसत. लघवी ते स्वतः धरत. मागच्या अंगणात निंबाखाली एक ओटा होता. सकाळी तिथे बाया लेकरांना उघडी करून मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. हे समोर उकिडवे बसायचे, एका हातात वाटी, दुसऱ्या हाताच्या बोटांनी लेकराच्या बेंबीखाली हळूहळू टकटक करायचे, आणि ओठांचा चंबू करून बारीक, लांब, एकसुरी शिट्टी वाजवायचे. पहिली धार जाऊ द्यायची, मधली वाटीत झेलायची. कधी वाटीत कमी आणि चष्म्यावर जास्त यायची. ते चष्मा पुसून म्हणायचे, "तीर्थ आहे, बाई. लाजू नका."

एखादं मूल हट्टी निघायचं. तास उलटून जायचे, वाटी कोरडी. आई कंटाळून म्हणायची, उद्या पुन्हा येतो. तेवढ्यावर हे चिडायचे. "पुन्हा कायले? बस. पाणी पाज. जेवाची सोय करतो. पण पुन्हा नाही." आणि खरंच त्या बाईला भाकर-पिठलं मिळायचं. मी वरून गॅलरीतून हे पाहायची आणि हसायची. वाटी दुसऱ्याच्या लेकराची असेपर्यंत माणूस हसू शकतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे ती कामाला आली. ते लघवीचा थेंब एका काचेच्या बशीत पेरायचे आणि बशी ऊब देणाऱ्या पेटीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बशीत जंतूंचे ठिपके उगवायचे. पण त्या वर्षांत आमच्याकडे वीज असायची थोडी आणि नसायची जास्त. लोडशेडिंग सुरू झालं की पेटी थंड. मग हे बशी स्टीलच्या घट्ट डब्यात घालत, डबा पंच्याने पोटाला बांधत, वरून शाल ओढत आणि खुर्चीत न हलता बसत. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि हे शालीत, घामाने निथळत. कुणी विचारलं की म्हणायचे, "उबवून राह्यलो." गावातली पोरं त्यांना कोंबडी म्हणत आणि पळून जात.

ती वर्षंच वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ते कशासाठी यायचं हे सांगायला नको. भाव आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला होता. माझ्या सासरी, गाडीने तासाभरावरच्या खेड्यात, समोरची खोली छतापर्यंत भरलेली असे. निजायची जागा तेवढी मोकळी, बाकी कापूस. अंगाला खाज सुटायची, डोळे चुरचुरायचे. मोठी माणसं त्या खोलीकडे पाहत गप्प बसायची. मुलांना मात्र तो पांढरा डोंगर फार आवडायचा. वरून घसरायचं, त्यातच लोळायचं, त्यातच झोपायचं. माझी मिनूही त्यात.

दिवाळीच्या सुटीनंतर मी शिकवते ती शाळा सुरू झाली, मिनूला सासूबाईंनी ठेवून घेतलं. चार दिवसांत निरोप आला की पोरीला ताप आहे. सर्दी नाही, खोकला नाही. तिथल्या डॉक्टरने औषध दिलं. ताप उतरला, पुन्हा चढला. नवरा जिन्यात हे मला सांगत होता आणि खाली घरमालकांचे कान टवकारले होते.

"नाक गप आहे?" त्यांनी खालूनच विचारलं. "मुतताना रडते काय पोट्टी?"

नवरा म्हणाला, रडते म्हणे.

"मंग पोट्टीले इकडं आण."

पण नवरा दुसऱ्या दिवशी त्याच रूटवर होता. गाडी तिथे दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात त्याने सांगितलं त्यातलं सासूबाईंनी ऐकलं ते एवढंच की डॉक्टरला लघवी पाहिजे. सहा लेकरं वाढवलेली बाई. तापल्या लेकराला एसटीत कशाला धक्के, असा त्यांनी विचार केला. त्यांनी मिनूच्या लंगोटात कापसाचा चांगला मूठभर बोळा ठेवला, तो भिजला की काढून बाटलीत पिळला आणि परतीच्या फेरीला बाटली लेकाच्या हातात दिली. कापूस अर्थात समोरच्या खोलीतला. आमच्याकडे कापूस कमी नव्हताच, आणि असा बोळा ठेवून तान्ह्याची लघवी काढायची युक्ती गावात सगळ्यांना ठाऊक होती.

घरमालकांनी बाटली उजेडात धरली. आत दोन पांढरे तंतू तरंगत होते. मला वाटलं, आता बाटली रस्त्यावर जाते. पण ते म्हणाले, "आलीच आहे तर पेरून पाहू." दुसऱ्या दिवशी मला खाली बोलावलं आणि बशी दाखवली. करडे, पांढरे, चिकट असे तऱ्हेतऱ्हेचे ठिपके आणि त्यांच्या मधेमधे हळदीसारखे पिवळे.

"हे पिवळं पाहा," ते म्हणाले. "पँटोइया म्हणतेत याले. कापसाचा जंतू. पानात राहते, बोंडात राहते, रुईत राहते. माणसाच्या वाटेले सहसा जात नाही. अन् एकच नाही, चार जातीचं तण उगवलं. तुमच्या सासूबाईनं नातीची लघवी नाही पाठवली, मास्तरीणबाई. खोलीतला कापूस पिळून पाठवला."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. नवराही हसला. घरमालक हसले नाहीत. म्हणाले, "पोट्टीले आज आण. या बशीनं काहीच सांगितलं नाही. ना चांगलं, ना वाईट."

मिनू संध्याकाळच्या गाडीने आली ती सासूबाईंच्या खांद्यावर मान टाकून. आठवडाभरात माझ्या मुलीचे गाल बसले होते. तिने मला पाहून हात पुढे केले नाहीत. 

सकाळी मी निंबाखालच्या ओट्यावर बसले. ज्या ओट्यावर बसलेल्या बायांना मी गॅलरीतून हसत आले होते तिथेच, तशीच, मांडीवर उघडं लेकरू घेऊन. ते समोर उकिडवे बसले. टकटक, टकटक. शिट्टी. मिनू पाय आवळून घेई. तिला लागली होती, पण जळजळीला भिऊन ती सोडत नव्हती. त्या शिट्टीला ना चाल, ना ताल. ती नुसती चालू राहते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ही थांबली तर काहीतरी वाईट होईल. शेवटी मिनूने किंकाळी फोडली आणि धार सुटली. त्यांनी मधली झेलली. वाटीत पाहिलं. गढूळ होती. 

आत जाऊन त्यांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "पू आहे," म्हणाले. बशी पेरली, पेटीत ठेवली, आणि वीज गेली.

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. वर मिनूच्या कपाळावर ओली घडी, आणि खाली ते शालीत, खुर्चीत, पोटाला डबा बांधून. मी मधूनमधून जिन्यात येऊन पाहायची. ते हलत नव्हते. दुपारी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "तोंडाले लाव. हात काढत नाही." मी कपबशी त्यांच्या तोंडाला लावली. माझ्या मुलीच्या पोटात काय आहे ते त्यांच्या पोटाशी वाढत होतं. हे मला तेव्हाच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबा सोडला. मी शेजारीच उभी होते. बशीभर एकच रंग. हळदीचा.

"हा कापूसच ना, काका?" मी म्हणाले. "खेड्यातून अंगाला लागून आला असंल. तुमीच म्हटलं होतं, माणसाच्या वाटेले जात नाही म्हणून."

ते बशी फिरवून फिरवून पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि आता अंगावर शाल नव्हती.

"परवाच्या बशीत तण होतं," ते म्हणाले. "ह्याच्यात एकच पीक आहे. कोणी पेरल्यासारखं. अन् सोबत पू आहे. कापसाले पू येत नाही, बाई."

त्यांनी लगेच दुसरी बशी घेतली. त्यावर ते पिवळं सारवलं आणि वर औषधाच्या छोट्या छोट्या गोल चकत्या ठेवल्या, कागदावर टिकल्या चिकटवाव्यात तशा. मला समजावलं की ज्या टिकलीभोवती जंतू उगवणार नाही, मोकळं कडं राहील, ते औषध लागू. ती बशी डब्यात, डबा पोटाशी. तेवढ्यात वर मिनूने प्यायलेलं सगळं पाणी ओकून टाकलं. सासूबाईंची हाक आली. घरमालकांनी वर पाहिलं, पायांत चपला अडकवल्या आणि म्हणाले, "चला यवतमाळले. आत्ता."

नवरा ड्यूटीवर. मी, मांडीवर मिनू, आणि शेजारी हे, शाल पांघरून, डबा सांभाळत. गाडीत लोक पाहत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं पांढरी झाली होती, बाया ओटीत कापूस वेचत होत्या. एरवी मला तो देखावा आवडतो. त्या दिवशी वाटलं, हे सगळं माझ्या पोरीच्या अंगात शिरलं आहे.

"काका, मले भेव वाटून राह्यलं," मी म्हणाले.

"वाटू दे," ते म्हणाले. "भेव वाटलंच पाहिजे. मले वाटलं नव्हतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते खिडकीबाहेर पाहत सांगितलं. कॉलेजात असताना झरी जामणीकडचा एक कोलाम आदिवासी बाप लेकराला खांद्यावर घेऊन आला होता. जंगलातून चालत, मग मिळेल त्या गाडीने. लेकराच्या बशीत पिवळी उगवली. "म्या पाहिलं अन् म्हटलं, कापूस आहे. सीझन होता. रोजच दिसे. लिहून देल्लं, नमुना दूषित, पुन्हा पाठवा. थो इचारे, पुन्हा कधी? म्या म्हटलं, येजा आठवड्यानं. सोबत नवी बाटली देल्ली, निर्जंतुक केलेली."

"आला थो?"

"आला. एकटाच आला. म्हणे, लेकराचं मुतणं बंद झालं, मंग ताप बी बंद झाला." ते थांबले. "बाटली परत कराले आलता. सरकारची वस्तू होती ना."

मी मिनूला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

"थे खरं होतं का कापूस होता, मले आजही ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण झरीहून 'पुन्हा' मंजे काय असते, हे तेवढ्या शिकलेल्या माणसाले ठाऊक नव्हतं. म्हणून घरात कापूस ठेवत नाही. उद्या पिवळी उगवली तर कापसावर ढकलाले मले जागा नको."

 यवतमाळ येईपर्यंत मी मिनूचा श्वास मोजण्याऐवजी नुसता ऐकत होते. मोजायची हिंमत नव्हती.

दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती. खाटा कमी, लेकरं जास्त. एका एका खाटेवर दोन दोन. बिचारीच्या डोळ्यांत झोप होती. तिने मिनूला दाखल करून घेतलं, सलाईन लावलं. घरमालकांनी सोबत आणलेल्या पहिल्या पिवळ्या बशीकडे पाहिलं आणि त्यांना आदरानेच म्हणाली, "सर, हा तर कापसातला जंतू. या दिवसांत सारखा दिसतो. नमुना दूषित झालाय. चालू आहे तेच औषध देऊ, आणि लघवी पुन्हा पाठवू."

मला वाटलं, आता हे वॉर्ड डोक्यावर घेतात. मी त्यांचा चेहरा पाहिला. तो पांढरा पडला होता. ते एवढंच म्हणाले, "बेटा, मी पण हेच म्हटलं होतं."

तिला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. ती पुढच्या खाटेकडे गेली. हे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले, शाल ओढली, आणि उठलेच नाहीत. शिपायाने हटकलं. आल्यागेल्याने वेडा समजून नाणं ठेवलं. नवरा ड्यूटी संपवून आला, जेवण घेऊन आला. त्यांनी हात लावला नाही. मिनूचा ताप चढत गेला. ती मला ओळखत नाहीशी झाली. माझ्या मुलीने माझ्याकडे पाहून "आई कुठे" म्हटलं, आणि ते वाक्य आजही कानात आलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

सकाळी डॉक्टरीण राउंडला आली तसे ते उठले. पाय आखडले होते. भिंतीला धरत आत आले. पोटावरचा पंचा सोडला, डबा उघडला, बशी तिच्यापुढे धरली. मीही वाकून पाहिलं. बशीभर पिवळं माजलं होतं. जी टिकली मिनूला चालू असलेल्या औषधाची, तिला तर ते अगदी चिकटून उगवलं होतं, जणू ते औषध नव्हतंच. कडेच्या एका टिकलीभोवती मात्र स्वच्छ, मोकळं कडं होतं.

डॉक्टरीण बराच वेळ पाहत राहिली. मग तिने औषध बदललं.

"आणि सोनोग्राफी," हे म्हणाले. "नेहमीचा जंतू असता तर म्या म्हटलं नसतं. ओळखीचा चोर कोणाच्याही घरात घुसते. पण असा परका, बोंडातला जंतू लेकराच्या मूत्रपिंडापावतर चढला मंजे कुठंतरी कडी मोडकी आहे. कडी पाहा."

कडी मोडकीच निघाली. मिनूला जन्मापासून लघवी उलट, वर चढत होती. एक मूत्रपिंड आधीच आक्रसलं होतं, दुसरं सुजलं होतं. औषध बदलल्यावर ताप उतरायला लागला, आणि एका दुपारी तिने डोळे उघडून मला "आई" म्हटलं. मी तिथे रडले. बाहेर बाकावर गेले तर हे पंच्यात तोंड घालून बसले होते. मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले आणि विचारलं, "मुतली?"

पुढे नागपूरला ऑपरेशन झालं. लहान झालेलं मूत्रपिंड लहानच राहिलं, मोठं वाचलं. एकावर माणूस जगतो, असं सगळे सांगतात. मीही लोकांना तसंच सांगते आणि स्वतः विश्वास ठेवत नाही. सासूबाईंनी त्या वर्षी समोरची खोली रिकामी करवली. मिळेल त्या भावाने कापूस विकला, जमीन शेणाने सारवली, आणि मिनू येणार असली की दोन दिवस आधीपासून कुणाला कापसाचं बोंडसुद्धा उंबऱ्याआत आणू देत नसत. लोक म्हणायचे, म्हातारीला घरमालकाचा रोग लागला.

घरमालक सुधारले नाहीत. रोज सकाळी जिन्याखाली उभे राहून एक शिट्टी वाजवायचे. वरून मिनू ओरडायची, "झाली, आबा." मग ते आत जायचे. एखाद्या दिवशी उत्तर यायला उशीर झाला की मी आणि ते, मी वर आणि ते खाली असे, एकमेकांकडे न पाहता उभे असायचो. शाळेत जायला लागल्यावर मिनूला लाज वाटू लागली. तरी ती ओरडायची, जरा हळू.

ती चौथीत असताना एक दिवस शिट्टी वाजली नाही. मी खाली गेले. ते खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात ओटीपोटावर. मला म्हणाले, "बाई, येत नाही." एवढंच म्हणाले. त्या माणसाइतकं त्या दोन शब्दांचं वजन कुणाला ठाऊक होतं? त्यांचे डोळे त्या दिवशी वॉर्डातल्या लेकरांसारखे होते.

त्याच यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. नळी घातली. त्यांना जवळचं कुणी नव्हतं, म्हणून आम्हीच होतो. काही दिवसांनी नळी काढली. मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता आपोआप झाली पाहिजे. नाही झाली तर ऑपरेशन, आणि हृदय ऑपरेशन झेलण्यासारखं नाही. हे त्यांनी हळू सांगितलं, पण म्हाताऱ्यांनी डॉक्टरांच्या तोंडावरून वाचलं.

सकाळ गेली. त्यांनी पाणी प्यायलं, भिंतीकडे तोंड केलं, लाजले, चिडले. काही झालं नाही.  नवऱ्याने भांडं धरलं, मी पडदा ओढून बाहेर उभी राहिले. मिनू माझ्याजवळ होती. मी काही म्हणायच्या आत ती पडद्याजवळ गेली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, ओठांचा चंबू केला आणि शिट्टी वाजवायला लागली. बारीक, लांब, एकसुरी. वॉर्डातली माणसं उठून बसली. मी तिला गप्प केलं नाही.

दम संपेपर्यंत ती वाजवत राहिली. मग थांबली. पडद्याआड भांड्यात धार पडल्याचा आवाज नव्हता. मी नवऱ्याच्या बोलण्याची वाट पाहिली. 

"आबा, झाली?" मिनूने विचारलं.

 मग पडद्याआडून त्यांचा आवाज आला, कोरडा, घाबरलेला, लहान मुलाचा.

"पुन्हा," ते म्हणाले. "पुन्हा वाजव वं माय."

मिनूने जिभेने ओठ ओले केले.